एका रात्रीचा दर पाहून मुक्काम ठरवू नये

प्रवासात मुक्कामासाठी काही दिवसांपुरते घर भाड्याने घ्यावे की हॉटेल, असा प्रश्न आला की बहुतेक जण दोन्हींचा एका रात्रीचा दर शेजारी-शेजारी ठेवतात आणि जो कमी असेल त्यावर बोट ठेवून मोकळे होतात. मला ही तुलना फसवी वाटते. हॉटेलच्या दरात खोलीबरोबर माणसांचे कामही मिळते, घराच्या दरात केवळ जागा मिळते, आणि उरलेले काम आपल्यापैकीच कोणाच्या तरी वाट्याला येते. मी नवी मुंबईतल्या नेरुळमध्ये राहतो. इथे मुक्कामाला येणाऱ्यांची वर्दळ कायम असल्यामुळे या व्यवहाराची दुसरी बाजूही मला रोज दिसते.

आधी पैशांचे बोलू. घराचे साफसफाईचे शुल्क मुक्काम एका रात्रीचा असो वा आठवड्याचा, बहुधा एकदाच घेतले जाते. समजा भाडे ४,००० रुपये आणि सफाईचे १,५०० रुपये आहेत, तर एका रात्रीसाठी ती जागा ५,५०० रुपयांना पडते आणि पाच रात्री राहिल्यास सरासरी ४,३०० रुपयांना. बुकिंगच्या संकेतस्थळाचे सेवाशुल्क व डिपॉझिट असल्यास ते वेगळे. हॉटेलच्या बाबतीत गोम कराची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते आणि ८,००० रुपयांची ९,४४० रुपयांना. दरातला ५०० रुपयांचा फरक बिलात १,५६५ रुपयांचा होतो. ही मर्यादा प्रत्येक खोलीला स्वतंत्रपणे लागू असल्याने मोठ्या कुटुंबाने एक महागडी खोली घेऊन जादा गाद्या टाकण्यापेक्षा दोन साध्या खोल्या घेणे पुष्कळदा परवडते.

एका रात्रीचा मुक्काम असेल तर मी हॉटेलच निवडतो. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणे सुरू झाल्यापासून पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्री पनवेल-उलवे परिसरात येऊन राहणाऱ्यांचा प्रश्न नवा उभा राहिला आहे. अशा वेळी रात्री साडेबाराला किल्ली देणारा आणि पहाटे साडेतीनला गाडी बोलावून देणारा माणूस लागतो. चेक-आउटनंतर दुपारभर सामान ठेवून घेण्याची सोयही हॉटेलच करते. घराचा मालक दुसऱ्याच शहरात असला तर बॅगा कोणाकडे सोपवायच्या?

मुक्काम आठवड्यांचा झाला की हे सारे उलटते. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोगाचे रुग्णालय व संशोधन केंद्र आहे. तिथे उपचारांसाठी गावाकडून आलेल्या रुग्णाला रेडिएशनकरिता बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे जावे लागते. त्याला पचेल असा मऊ भात किंवा खिचडी हवी तेव्हा करता येणे, औषधे फ्रिजमध्ये राहणे, कपडे रोज धुतले जाणे आणि सोबतच्या नातेवाइकाला वेगळ्या खोलीत पाठ टेकता येणे यांपुढे रिसेप्शन आणि चकचकीत लॉबी बिनकामाच्या ठरतात. धर्मशाळेत जागा मिळाली नाही तर अशा कुटुंबाने स्वयंपाकघर असलेली जागाच पाहावी.

सहलीला मात्र हेच स्वयंपाकघर वेगळ्या अर्थाने महाग पडते. ‘घर घेऊ, म्हणजे चहा-नाश्ता घरीच करता येईल’ असे म्हणणारा आणि प्रत्यक्ष गॅसपुढे उभी राहणारी व्यक्ती क्वचितच एक असते. चार दिवसांच्या सुटीत पोहे, भांडी आणि ओल्या टॉवेलांचा ढीग जर आई, बायको किंवा वहिनीच निस्तरणार असेल, तर वाचलेल्या पैशांचा हिशेब तिला विचारूनच मांडावा. लहान बाळ बरोबर असेल किंवा कोणाचे पथ्यपाणी असेल तर गोष्ट निराळी.

आता सोसायटीचे. आपल्याकडे सदनिका भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा लागतो. दोन रात्रींसाठी तसे कोणी करत नाही, त्यामुळे कमिटीच्या हाती पाहुण्यांविषयी कोणताही कागद नसतो. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले तेव्हा आसपासच्या हॉटेलांचे दर आकाशाला भिडले होते. अशा गर्दीच्या दिवसांत माणसे साहजिकच घरांकडे वळतात. रात्री बॅगा घेऊन आलेल्या पाहुण्यांना वॉचमनने फाटकावर अडवले, तर त्याचा जाच मालकाला नव्हे, प्रवाशाला होतो. म्हणून बुकिंगपूर्वी ‘सोसायटीची परवानगी आहे का?’ असे संकेतस्थळावरील संदेशातूनच विचारावे, म्हणजे उत्तर लेखी राहते.

परदेशात तर हा कायद्याचा मामला आहे. ठाण्या-नवी मुंबईतून पुष्कळ कुटुंबे सिंगापूरला जातात. तिथे खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि सरकारी गृहसंकुलांतील घरांसाठी ही मर्यादा सहा महिन्यांची आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून कडकपणे राबवल्या जाणाऱ्या नियमांनुसार ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमानाला स्वतः त्याच घरात राहावे लागते आणि पाहुणे दोनच चालतात. जपानमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने घर पाहुण्यांना देण्यावर वर्षाला १८० दिवसांची मर्यादा घातली आहे. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटकांसाठीच्या सदनिकांचे परवाने संपवण्याचे जाहीर केले आहे. तिथल्या रहिवाशांची घरभाडी परवडेनाशी होणे, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

कोकणात जायचे असेल तर तिसराच पर्याय मला सर्वांत पटतो. दिवेआगर, गुहागर, हरिहरेश्वर येथे मालकाचे कुटुंब त्याच आवारात राहते, खोल्या वेगळ्या असतात आणि जेवण घरचे मिळते. हॉटेलचा थाट तिथे नसतो. पण अडचण आली की हाकेच्या अंतरावर कोणीतरी असते आणि आपल्याबरोबरच्या बायकांना चुलीपुढे उभे राहावे लागत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालतो का आणि वयस्कर मंडळींसाठी तळमजल्याची खोली आहे का, एवढे फोनवर विचारून घ्यावे. जेवणारी माणसे किती, त्यांत मासे खाणारे किती आणि उपवासाचे किती, हे आदल्या संध्याकाळीच कळवावे, कारण बाजार सकाळी लवकर होतो आणि ऐनवेळी सांगितलेले सुरमईचे ताट तिथे मिळत नाही.