आत सोडतत काय गो?

शुक्रवार, रात्री साडेदहा

लाइट आत्ताच आले. पाऊस थांबलाय, वळचणीचं पाणी तेवढं टिपटिपतंय. झोप येईना म्हणून वही घेतली.

झालं ते एवढंसंच. पतपेढीतल्या नोकरीवरून येताना वाडीच्या तोंडाशी उघडलेल्या त्या नव्या सुपरमार्केटात शिरले. बाबांची साखर वाढल्यापासून डॉक्टरांनी नाचणीची भाकरी सांगितली आहे आणि आमची गिरण चार दिवस बंद. पिठाचं अर्ध्या किलोचं पाकीट घेतलं, 85 रुपये. बाहेर आले तर दारासमोर शेजारच्या काकी उभ्या. हातात सुक्या बांगड्यांची पिशवी, छत्री मिटलेली, काचेतून आत बघत होत्या. मला बघून जवळ आल्या आणि अगदी हळू विचारलं, "आत सोडतत काय गो?"

मी म्हटलं, "सोडूक काय झाला? सोडतत." आणि निघाले.

त्यांना हाताला धरून आत नेलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. ज्या बाईने माझ्या बाळंतपणात दीड महिना रोज तेल लावून मला न्हाऊ घातलं, तिला आपल्याच वाडीतल्या दुकानात सोडतील की नाही याची शंका यावी, आणि मी तिथून पिशवी घेऊन बाहेर पडावं. दारावरच्या माणसाने कोणाला अडवलेलं मी पाहिलेलं नाही. पण काकींनी पिशवी पाठीमागे धरली होती, वास येऊ नये म्हणून. ते पाहिलं मी.

आणि पुढे काय केलं? अण्णांच्या जुन्या किराणा दुकानासमोरून जायचं म्हणून मीसुद्धा पिशवी ओढणीखाली घेतली. अण्णांनी बघितलं. बोलले एवढंच, "पावस इलो गो. कपडे काढलंस काय?" मी हो म्हटलं. वाळत टाकलेले कपडे काढले नव्हते.

अण्णांच्या वहीत आमचं खातं माणसाच्या नावावर नाही, होडीच्या नावावर आहे. लाल कापडाच्या बांधणीची ती लांब वही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीला बंदी, म्हणजे 61 दिवस घरात होडीचा पैसा नाही. त्या दिवसांत होडीचं पान भरत जातं: तेल पाव, तूरडाळ पाव, साखर अर्धा, चहा 10 रुपयांचा. रेशनवर माणशी 5 किलो धान्य मिळतं, 2023 च्या जानेवारीपासून तेही फुकट. पण नुसत्या तांदळाला डाळ लागते, फोडणीला तेल लागतं, आणि ते वहीवरच येतं. नारळी पुनवेनंतर होड्या सुटल्या की हळूहळू पान फिटतं. मी लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात अण्णांनी होडीच्या नावाखाली बारीक अक्षरात "नवी सून" लिहिलं होतं. पतपेढीत एवढी खाती बघते रोज, असं खातं एकही नाही.

त्या दुकानात पाव किलो मिळत नाही. सगळं पाकिटात. 2022 च्या जुलैत पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यापिठावर 5 टक्के जीएसटी बसला, सुट्यावर नाही. म्हणजे ज्याच्या हातात एका वेळी 30 रुपयेच आहेत त्याने सुटं घ्यावं हेच खरं, आणि सुटं अण्णांकडेच.

हेच दादाशी फोनवर बोलले तर तो चिडला. म्हणाला, गरिबाने कायम टोके पडलेला रवाच खायचा काय? तारीख बघून घ्यायचा हक्क पर्यटकांनाच? तो चुकीचं बोलला नाही. मागच्या पावसात अण्णांच्या रव्यात मीच टोके निवडत बसले होते. शिवाय अण्णांकडे काही मागायचं तर दुकानात बसलेल्या चार जणांसमोर मागायचं. बायकांच्या वापरातल्या वस्तू मी अजून तिथून आणलेल्या नाहीत, बाजारपेठेत जाते. इथे फळीवरून उचलायचं, कोण विचारत नाही. आणि काउंटरवर आपल्या वाडीतलीच पोर बसते, बारावी झालेली. घरात तिचाच पगार येतो आता. काल वाटेत "वैनी, खय चललंस?" म्हणून हाक मारली, आज तीच म्हणाली, "मॅडम, कॅरीबॅग देऊ?" तिला तसं शिकवलं असणार. मला रडू यायला लागलं होतं, का ते सांगता येत नाही. मी कोणाची राहिले, असं काहीतरी वाटलं. माझा पगार सुरू झाला तसं वाडीतलं कोण मला सरळ बोलत नाही, आणि त्या गार हवेतल्या दुकानात माझे चप्पल चिखलाचे. जाऊ दे. ते आज लिहायचं नाही.

दादाला मी सांगितलं ते असं. दुकान नको असं माझं म्हणणंच नाही. पण ते आपल्या मालवणच्या दांडी वाडीच्या तोंडाशी आलं ते आपल्यासाठी आलेलं नाही. 2021 ला चिपीचा विमानतळ सुरू झाला, वाडीत होमस्टे वाढले, तारकर्लीला जाणाऱ्या गाड्या इथूनच वळतात. त्यांच्यासाठी आलंय. मग निदान एका कोपऱ्यात डाळ, तांदूळ सुटे ठेवा, पाव किलो तोलून द्या. आणि आमसुलं काकींकडून घ्या. काचेच्या बरणीत 100 ग्रॅम 90 रुपयांना ठेवलीयत, पाठीमागे कुठल्यातरी शहराचा पत्ता. काकींनी मे महिनाभर रातांबे फोडून सालांना रसाची पुटं दिली, उन्हात वाळवली, बोटं अजून जांभळी आहेत. व्यापारी त्यांना किलोला 300 देऊन गेला. तीच बोटं आज त्या काचेवर टेकली होती.

अण्णांचं दुकान बंद पडलं तर पुढच्या जूनमध्ये ते पान कोण उघडणार, हे दादालाही सांगता आलं नाही. तो म्हणाला, बघू.

आईंनी नाचणीचं पाकीट उलटसुलट बघितलं. त्यांच्या लहानपणी तांदूळ संपला की नाचणी. पाहुणे आले तर ती भाकरी फडक्याखाली झाकायच्या. किंमत सांगितली तर नुसत्या हसल्या आणि परात मागितली. भाकरी चांगली झाली. बाबांनी दोन खाल्ल्या. पीठ बारीक होतं, खडा नव्हता. मी परत आणीन, हेही खरंच आहे, लपवून काय उपयोग.

जेवणं झाल्यावर पाऊस जरा उघडला तेव्हा अण्णांकडे गेले. फळ्या लावत होते. जिरं घेतलं 20 रुपयांचं. पर्समध्ये सुटे होते. तरी म्हटलं, "लिवन ठेवा अण्णा." त्यांनी चष्मा लावला, होडीचं पान काढलं, लिहिलं. मग म्हणाले, "नाचणो माझ्याकडे पण आसा गो. 50 रुपये किलो. गिरण सोमवारी चालू होताली."

सोमवारी दोन किलो घेईन.

काकींच्या खिडकीत अजून उजेड आहे. उद्या पतपेढी अर्धा दिवस. दुपारी त्यांना सांगणार आहे, चला, माझ्याबरोबर आत या. पिशवी हातात असली तर असू दे. ती बरणी त्यांना दाखवायची आहे.