पाळी गेली की दिवस गेले?

माझी प्रसूती 24 जून 2025 रोजी अपेक्षित असल्याचे सांगणारा एक छापील कागद आजही माझ्या फाईलमध्ये आहे. त्याच कागदावर, चार ओळी खाली, गर्भाशयात गर्भ दिसत नाही असेही लिहिलेले आहे. मी 49 वर्षांची, माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. हा कागद तयार कसा झाला, हे आठवले की माझा आजही संताप होतो.

पाळी बंद होऊन सहा-सात महिने झाले होते. रात्री अंगातून वाफा यायच्या, झोप मोडायची; पाळी जाण्याची ही लक्षणे ओळखीची असल्यामुळे मी निर्धास्त होते. मार्चअखेरीस मळमळ सुरू झाली, तेव्हा यजमानांनी घराजवळचे मेडिकल टाळून दोन चौक पलीकडून चाचणीची पट्टी आणली. तिच्यावर दुसरी रेघ उमटली. फिकट, पण खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिली तरी होतीच. 7 एप्रिलला रक्तातील बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्यावर वाढणारे हार्मोन, 9.2 आले. अहवालात 5 च्या वर सगळे ‘पॉझिटिव्ह’ धरलेले. आमच्या नेहमीच्या डॉक्टर मॅडमनी चिठ्ठीवर ‘गर्भधारणेची शक्यता’ असे लिहून सोनोग्राफीला पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सांगितल्याप्रमाणे लिटरभर पाणी पिऊन, मी केंद्रावर पोहोचले. चिठ्ठीतील ते दोन शब्द वाचताच काउंटरवरील मुलीने फॉर्म एफ पुढे केला. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी 1994 साली जो कायदा झाला, त्यानुसार गरोदर स्त्रीची सोनोग्राफी करताना हा फॉर्म भरावाच लागतो आणि तो भरावा याबद्दल माझी तक्रार नाही. नाव, पत्ता, पतीचे नाव, मुले किती, मुलगे किती, मुली किती हे सर्व सांगून झाले. गाडे अडले ते शेवटच्या पाळीच्या तारखेवर.

मला तारीख आठवत नव्हती. वर्षभर दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येणाऱ्या पाळीची नोंद कोण ठेवतो? ‘‘काकू, हा रकाना रिकामा राहिला तर संगणक पुढे सरकत नाही, अंदाजे कोणतीही टाकू का?’’ असे तिने विचारले. सरकारी नोंदीत खोटी तारीख घालायला मी नकार दिला. मग ‘‘आठवली की सांगा’’ म्हणून तिने मला बाकावर बसवले आणि माझ्यामागून आलेल्या तिघी जणी एकामागून एक आत जाऊन आल्या. इकडे पोटात लिटरभर पाणी. दर पाच मिनिटांनी मी उठून काउंटरपाशी जात होते आणि ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते. पाऊण तासाने मला राहवले नाही, मी स्वच्छतागृहात जाऊन आले आणि नेमके त्याच वेळी माझे नाव पुकारले गेले. मूत्राशय रिकामे असल्यामुळे पोटावरून नीट दिसणार नाही, म्हणून पुन्हा पाणी प्या, पुन्हा थांबा.

त्या दुसऱ्या थांबण्यात मोबाईलमधील जुने फोटो चाळताना तारीख सापडली. अनंत चतुर्दशीच्या आरतीच्या फोटोत सगळे गणपतीसमोर आहेत आणि मी एकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. सासूबाईंना चालत नाही म्हणून मी बाजूला उभी राहिले होते. 17 सप्टेंबर 2024. मी मोठ्या विजयाने ती तारीख सांगितली, संगणकाने लगेच 29 आठवड्यांचा हिशेब मांडून प्रसूतीची तारीखही काढली आणि गर्भाचे लिंग जाणून घेण्याची माझी इच्छा नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर मी सही केली. आत डॉक्टरांनी पाच मिनिटांत पाहिले: गर्भपिशवी नाही, गर्भाशयाचे अस्तर अवघे 3 मिलिमीटर. अहवालात मात्र दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी छापल्या गेल्या. दुरुस्तीची विनंती केली, तेव्हा ‘‘ते आपोआप येते’’ एवढेच उत्तर मिळाले.

या अहवालाने मॅडमही गोंधळल्या. गर्भाशय रिकामे आणि एचसीजी मात्र आहे, म्हणजे गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नलिकेत राहिला असावा, अशी शंका घेऊन त्यांनी मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनचा विषय काढला. पेशींची वाढ रोखणारे ते औषध, उगाच घ्यावे असे नव्हे. माझ्या पोटात दुखत नव्हते आणि रक्तस्रावही नव्हता, म्हणूनच ‘‘आधी रक्त पुन्हा तपासू’’ असे म्हणण्याचे धाडस मी केले. तीव्र वेदना, चक्कर किंवा रक्तस्राव असेल त्या स्त्रीने मात्र माझे अनुकरण मुळीच करू नये, तडक रुग्णालय गाठावे. 48 तासांनी त्याच प्रयोगशाळेत आकडा 9.6 आला. (प्रयोगशाळा बदलू नका; यंत्रे वेगळी असली की आकड्यांची तुलना करता येत नाही.) सुरुवातीच्या सुदृढ गर्भारपणात हा आकडा दोन-तीन दिवसांत साधारण दुप्पट होतो, माझा जागचा हलला नव्हता.

वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरबाईंनी हे कोडे दहा मिनिटांत सोडवले. पाळी जाण्याच्या सुमारास अंडाशय थकतो, त्याला जागे करण्यासाठी मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी जोरात काम करते आणि त्या भरात थोडे एचसीजीही तयार करते. माझे एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारे पीयूषिकेचे हार्मोन, 71 पर्यंत वाढले होते. या वयात ते वरखाली होत असल्यामुळे एकट्या त्या आकड्यावर पाळी गेली असे ठरवता येत नाही, हेही त्यांनी बजावले. रक्तदाब आणि स्तनांची तपासणी करून त्यांनी पीयूषिकेला शांत करण्यासाठी दोन आठवडे हार्मोनच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर एचसीजी 2 च्या खाली आले. गर्भ असता तर हा आकडा गोळ्यांनी असा निमूटपणे उतरला नसता.

मला हायसे वाटले, पण बाईंनी निर्धास्त होऊ दिले नाही. सलग 12 महिने पाळी आली नाही तरच ती गेली म्हणायचे. तोपर्यंत एखादे बीज केव्हाही सुटू शकते. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे, असे त्यांनी यजमानांना समोर बसवून सांगितले. गोळ्यांमुळे येणारा रक्तस्राव पाळी म्हणून मोजायचा नाही.

या काळात 2019 मध्ये आंध्र प्रदेशातील गुंटूरच्या रुग्णालयात सत्तरी ओलांडून जुळ्या मुली झालेल्या बाईंची बातमी मला निदान चौघींनी पाठवली. ते गर्भारपण दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन, आयव्हीएफने झालेले होते. पाळी खरोखर गेल्यावर आपोआप दिवस जात नाहीत. आता 2021 च्या कायद्याने अशा उपचारांसाठी स्त्रीला पन्नाशीची मर्यादाही घातली आहे.

चाळिशीनंतर पाळीची प्रत्येक तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि सोनोग्राफीला जाताना ती, आधारची प्रत आणि मागचे अहवाल सोबत न्या. पाणी मात्र फॉर्म भरून झाल्यावरच प्या. माझ्या अहवालातील 29 आठवडे काढून टाकावेत, असा लेखी अर्ज मी केंद्राला दिला आहे. पोच मिळाली, दुरुस्ती अजून झालेली नाही.