कामाच्या वेळी अवांतर गप्पा कशासाठी?

सांगलीतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे पालक भेटले की एक प्रश्न मला हमखास विचारतात. ही मुले संगणकावर काम करता करता मध्येच एकमेकांशी जे काही बोलत असतात, त्याचा कामाशी काडीचाही संबंध नसतो; मग तुमच्यासारखी अनुभवी माणसे त्यांना थांबवण्याऐवजी त्यांच्यात सामील का होतात? नव्यानेच व्यवस्थापक झालेले काही तरुणही अलीकडे हेच विचारू लागले आहेत. तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते, कारण या गप्पा बंद झाल्या तर नुकसान कामाचेच होईल, असे माझे ठाम मत आहे.

सांगली, मिरज, तासगाव आणि विटा या भागातील आम्ही काही प्रोग्रामर एका ऑनलाइन गटात आहोत. बहुतेकांच्या कंपन्या पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये आहेत आणि २०२० पासून अनेक जण घरूनच काम करतात. गटाच्या एका भागात कोडविषयीचे प्रश्न येतात आणि दुसऱ्या भागाचे नाव सरळ ‘अवांतर’ असे आहे. ओळ आत सरकवताना टॅब वापरावा की स्पेस, कोड लिहिण्यासाठी व्हीआय हा संपादक चांगला की ईमॅक्स, हे आमच्यापैकी अनेकांच्या जन्माआधीपासून चालत आलेले वाद तिथे नव्या उत्साहाने घातले जातात. भडंग सांगलीचे चांगले की जयसिंगपूरचे, हाही वाद असतोच. पावसाळ्यात मात्र कोयनेतून विसर्ग किती सुरू आहे आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे, याखेरीज दुसरा विषय राहत नाही. ४० फुटांची इशारा पातळी जवळ आली की थट्टा आपोआप थांबते, आणि ज्याचे आईवडील मारुती चौकाच्या बाजूला राहतात त्या बंगळुरूच्या सभासदाला कोणीतरी न विचारताच तिथली खबर कळवतो. त्याचे घर कुठे आहे, हे सर्वांना गप्पांमधूनच ठाऊक झालेले असते.

पण तुमचा प्रश्न कामाविषयी आहे. प्रोग्रामिंग म्हणजे दिवसभर भराभर टाइप करणे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचण्यात आणि कुठेतरी अडून बसण्यात जातो. अडलेल्याने विचारावे हे खरे, परंतु विचारायचे म्हणजे ‘मला हे येत नाही’ असे बरोबरीच्या लोकांसमोर, लेखी आणि बहुधा इंग्रजीत मान्य करायचे. गावाकडून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना हे किती जड जाते, ते मी वर्षानुवर्षे पाहते आहे. ती मुले हुशार असतात आणि तासन्‌तास एकटीच झगडत बसतात.

जत तालुक्यातील एक मुलगा आमच्या गटात आला तेव्हा कित्येक आठवडे त्याने एक अक्षरही लिहिले नाही. एकदा अवांतरात अवकाळी पावसाने द्राक्षांचे मणी का तडकतात यावर, बागेत कधी पाऊल न टाकलेल्यांची चर्चा रंगली होती. त्या वेळी त्याने पहिल्यांदा लिहिले, आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून दावण्या हा बुरशीरोग, घडकूज आणि मण्यांत एकदम पाणी भरणे इथपर्यंत सर्व काही मराठीत इतके स्वच्छ समजावून सांगितले की ज्येष्ठ मंडळी त्याला प्रश्न विचारू लागली. पुढच्याच आठवड्यात त्याने कामाच्या भागात स्वतःचा प्रश्न मांडला. त्याच्या प्रोग्राममध्ये जपून ठेवलेली जन्मतारीख परत वाचताना एक दिवस मागे जात होती. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपल्याकडची मध्यरात्र म्हणजे त्या वेळेनुसार आदल्या दिवशीच्या सायंकाळचे साडेसहा असतात, आणि तारखेसोबत वेळही साठवली की हा घोटाळा होतो, हे त्याला लगेच उत्तरात मिळाले. बरेच दिवस अडलेले काम मार्गी लागले. द्राक्षांची चर्चा झाली नसती तर त्याने तो प्रश्न विचारला असता, असे मला वाटत नाही.

हा अनुभव केवळ आमचा नाही. जेराल्ड वाइनबर्ग या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने प्रोग्रामिंगच्या मानसशास्त्रावरील १९७१ सालच्या आपल्या पुस्तकात एका विद्यापीठाच्या संगणक केंद्राची हकीकत सांगितली आहे. तिथे खाद्यपेयांच्या यंत्रांपाशी विद्यार्थी घोळका करून गप्पा मारत असत. गोंगाटाची तक्रार झाल्यावर ती यंत्रे तिथून हलवण्यात आली, आणि थोड्याच काळात केंद्राच्या सल्लागारांपुढे मदतीसाठी विद्यार्थ्यांच्या रांगा लागू लागल्या. एकमेकांच्या अडचणी सोडवण्याचे काम त्या घोळक्यातच होत होते. नव्या व्यवस्थापकांनी ही हकीकत अवश्य लक्षात ठेवावी.

गप्पांचा दुसरा उपयोग मला याहूनही मोठा वाटतो. आमच्या व्यवसायात एकाने लिहिलेला कोड दुसरा तपासतो आणि शेरे लिहितो. ‘हे असे का केले?’ या शेऱ्यात आवाज नसतो, चेहरा नसतो. तो कुतूहल म्हणूनही वाचता येतो आणि अपमान म्हणूनही. लिहिणाऱ्याचा स्वभाव गप्पांतून कळलेला असेल, तर त्याचा कोरडा शेराही योग्य अर्थाने वाचला जातो. संदेशांमध्ये आपण सर्रास वापरतो त्या हसऱ्या चेहऱ्याचे मूळही याच अडचणीत आहे. सप्टेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकवाले, वरून खाली कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल, अशी कल्पनेतली चर्चा करत होते. त्यातून कोणीतरी गमतीने सूचना लिहिली की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, आणि काहींनी ती खरी मानली. मग विनोद ओळखावा कसा, याची चर्चा झाली आणि १९ सप्टेंबरला तिथलेच संगणकतज्ज्ञ स्कॉट फाल्मन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस ही खूण सुचवली. निव्वळ अवांतर गप्पांमधून निघालेली ही खूण आज जगभर वापरली जाते.

अर्थात सर्वच गप्पा हितकारक नसतात. जुन्या सभासदांचे आपापसातले संदर्भ इतके वाढतात की नव्याला ती परकी माणसे वाटू लागतात. हे आमच्याकडेही होते आणि त्याकडे लक्ष ठेवावे लागते. जातीवरून, भाषेच्या लहेजावरून किंवा कोणाच्या महाविद्यालयावरून केलेली थट्टा आम्ही ताबडतोब काढून टाकतो. कामाच्या भागात प्रश्न आला की तिथे विनोद करायचा नाही, हा नियमही कडक आहे, कारण पहिल्याच प्रश्नावर हसू झालेला माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही.

पालकांना माझी विनंती आहे की मुलगा किंवा मुलगी पडद्याकडे पाहून हसताना दिसली तर काय चालले आहे ते जरूर विचारा, आणि कधी अडले तर या मंडळींना प्रश्न विचारता येतो का, हेही विचारा. गटात नव्याने येणाऱ्याला आम्ही पहिला संदेश अवांतरातच लिहायला सांगतो. त्यात पदवी किंवा कंपनीचे नाव लागत नाही. गाव कोणते आणि सध्या हातात काय काम आहे, एवढे पुरते, आणि ते मराठीत लिहिले तरी चालते.