मौना केआची वाकसाची खाण: 'छोटासा वॉक' अजिबात नाहीये

मौना केआ म्हणजे हवाईतला ज्वालामुखी डोंगर, आणि वाकस म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार; त्याचा दगड जिथे काढायचे ती ही खाण. आधीच सांगतो, मला एकाने सांगितलं होतं की गाडीतून उतरलं की अर्ध्या तासात खाण. चार तास लागले, आणि ते पण घसाऱ्यावर, म्हणजे पाय घसरणाऱ्या सुट्या उतारावर.

सुरुवात होनोलुलूच्या बिशप म्युझियमपासून करा, उलटं करू नका. तिथे जुने दगडी वाकस आहेत, हवाईयन लोक कोई म्हणतात. लोखंड नसताना होड्या यानेच तासायचे, म्हणजे पातं कोनात वाढलेल्या फांदीला काथ्याने आवळून बांधायचं, दोरी घट्ट बसावी म्हणून बुडाकडे दगड मुद्दाम कमी केलेला. दक्षिण पॅसिफिकमधल्या तुआमोटू बेटांवर मिळालेल्या एका पात्याचा दगड काहोओलावेचा, म्हणजे हवाईचाच निघाला (2007 चं संशोधन). 4000 किमी, होडीतून! पण काचेमागे सगळं गुळगुळीत, मेहनत कळतच नाही.

ती वर कळते. हुमुउला ट्रेल व्हिजिटर सेंटरपाशी सुरू होतो, 2800 मीटरवर. कळसूबाईचा माथा 1646, इथे पहिलं पाऊलच त्याच्या वर. आणि पहिले दीड-दोन किमी निव्वळ घसारा, ज्वालामुखीची राख, दोन पावलं वर की एक खाली, सावलीला झाड नाही, डोकं ठणकतंय, तोरणा पाच वेळा केलेला मी दर वीस पावलांना उभा. जाणाऱ्यांनी सेंटरला निदान अर्धा तास थांबा, फॉर्म भरा, तीन लिटर पाणी घ्या. आदल्या दिवशी स्कूबा केलं असेल तर जाऊच नका.

खाण म्हणजे केआनाकाकोई, साधारण 3400 ते 3800 मीटर. हिमनदीच्या बर्फाखाली लाव्हा फुटला, झटकन गार झाला, म्हणून दगड इतका बारीक कणांचा आणि टणक. कपच्यांचे ढीगच्या ढीग, मध्येच अर्धवट सोडलेलं पातं. घासून गुळगुळीत करणं खाली व्हायचं, इथे नुसती ठोकाठोक, ती पण या थंडीत आणि या हवेत. मी तिथे बसून येड्यासारखा हसत होतो.

ढिगांवर पाय देऊ नका, कपची खिशात तर नकोच, संरक्षित जागा आहे, गुन्हा होतो. मला सांगणारा बहुतेक वरपर्यंत 4x4 ने गेला असणार. उतरताना तोच घसारा, काठ्या दोन घ्या, माझी एकच होती आणि उजवा गुडघा अजून बोलतोय.