गळ्यातला क्रूस

आज उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये व्हिएतनामला लढलेले एक आजोबा शेजारी बसले होते. त्यांच्या ओळखीचा एक माणूस वर्षानुवर्षं खोटी पदकं लावून मिरवत होता. इथे अमेरिकेत नुसती अशी थाप मारणं गुन्हा नाही. तिला गुन्हा ठरवणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये रद्द केला. 2013 च्या कायद्याने पैसा किंवा लाभ उकळण्याच्या हेतूने ती थाप मारली तरच शिक्षा. आजोबा चिडले नव्हते. एवढंच म्हणाले, "माझे मित्र परत आलेच नाहीत."

माझा हात गळ्यातल्या क्रूसावर गेला. भावाला क्षमा न करता मी किती रविवार प्रभुभोजन घेतलंय!

रात्रीचे दहा वाजलेत. नगरला सकाळ झाली असेल. फोन लावतेय.