आमची वाटचाल : वरच्या दोऱ्याचा दोष, खालच्या दोऱ्यावर आळ

इतरांनी तुकडे जोडून तयार केलेल्या रजयांवर लाँगआर्म यंत्राने, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या रजईवरून फिरवायच्या लांब हाताच्या मोठ्या शिलाई यंत्राने, नक्षीची शिवण घालून देणे, हा आमचा व्यवसाय. तो आम्ही दोघांनी एका जुन्या यंत्रावर सुरू केला. शिवणकाम हातचे होते, त्यामुळे यंत्र मोठे असले तरी टाका तोच, असा आमचा समज होता, आणि तो पहिल्याच मोठ्या कामात खोटा ठरला. रजई फ्रेमवरून उतरवून उलटी केली, तेव्हा सरळ रेषा नीट होत्या, पण जवळजवळ प्रत्येक वळणावर अस्तराच्या बाजूला पापण्यांच्या केसांसारखे बारीक फासे लोंबत होते. ते सगळे टाके उसवण्यात शिवण्यापेक्षा जास्त दिवस गेले.

दोष खाली दिसतो म्हणजे तो बॉबिनचाच, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचाच, असे धरून आम्ही बॉबिन केसचा, म्हणजे ते रीळ बसते त्या डबीचा, ताणाचा स्क्रू आवळत गेलो. हे साफ उलटे होते. अस्तरावर दिसणारे फासे वरच्या दोऱ्याचे असतात. वरचा ताण कमी पडला की दोन्ही दोऱ्यांची अढी रजईच्या थरांत न बसता खाली ओढली जाते, आणि आम्ही बॉबिन आवळून तिला आणखी खाली ओढत होतो. फ्रेमवर कापड स्थिर असते आणि यंत्र फिरते. त्यामुळे हात भरभर वळवला की कापडात असलेली सुई किंचित वाकते आणि वरचा दोरा टाका घट्ट बसण्याइतका ओढला जात नाही. वरचा दोरा त्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसवला, 16 नंबरच्या सुईऐवजी 18 नंबरची लावली आणि वळणांवर हात सावकाश केला, तेव्हा फासे गेले. फ्रेमवर कापड ढोलासारखे ताणण्याची सवयही आम्हाला सोडावी लागली.

याचा अर्थ बॉबिन नेहमीच निर्दोष असते असा नाही. एकदा एकाच ओळीत टाका कधी घट्ट, कधी सैल पडू लागला, आणि स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडेना. शेवटी बॉबिन केस भिंगाखाली धरली, तर दोऱ्याला दाबून धरणाऱ्या ताणाच्या पट्टीखाली तंतूंचा एक चपटा गोळा अडकलेला दिसला. तो ज्वारीच्या दाण्याच्या निम्माही नसेल, पण पट्टी दोऱ्यावर टेकूच देत नव्हता. जाड कागदाचा कोपरा पट्टीखालून सरकवताच तो निघाला. तेव्हापासून प्रत्येक बॉबिन बदलताना आम्ही हुकाचा, म्हणजे बॉबिनभोवती फिरून वरचा दोरा पकडणाऱ्या तुकड्याचा, भाग ब्रशने झाडतो आणि यंत्राच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे हुकाला तेलाचा थेंब देतो.

ताण तपासण्याची आमची रीत साधी आहे. भरलेली बॉबिन केस तळहातावर ठेवून दोरा वर उचलायचा; केस उभी राहावी, पण तळहात सोडून वर येऊ नये. ती वर आली तर ताण जास्त, आडवीच राहून दोरा सुटत गेला तर कमी. स्क्रू फिरवायचा तो घड्याळाच्या काट्याने पाच-दहा मिनिटे सरकावे इतकाच, आणि त्यानंतर कडेच्या फालतू कापडावर शिवून पाहिल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. सुरुवातीला आम्ही एकाच वेळी चार गोष्टी बदलत असू आणि कोणत्या बदलाने गुण आला हे कळतच नसे.

बॉबिन भरण्यातले दोष मात्र उशिरा लक्षात आले. पॉलिएस्टर दोरा वेगाने आणि ताणून भरला तर तो बॉबिनवर ताणलेलाच राहतो आणि शिवणीत गेल्यावर आखडून कापडाला चुण्या पाडतो. काठोकाठ भरलेली बॉबिन केसमध्ये घासते. यंत्र एकदम थांबल्यावर बॉबिन पुढे फिरत राहून दोरा सांडू लागला, की केसच्या तळाशी असलेली बारीक स्प्रिंग दबली आहे का, हे आम्ही आधी पाहतो.

काम वाढल्यावर दुसरे यंत्र आले, पण आमच्या मते खरी चैन म्हणजे त्याच सुमारास घेतलेली जादा बॉबिन केस. आता बारीक दोऱ्यासाठी एक आणि जाड सुती दोऱ्यासाठी दुसरी, अशा दोन केसेस ताण लावून तयार असतात. सुती दोऱ्याच्या केसवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, आणि तिच्या स्क्रूला बारीक दोऱ्यासाठी कोणीही हात लावत नाही.