बोअरचं पाणी आणि पांढरा धूर

माझी गाडी 2007 ची. पेट्रोल, चार सिलिंडर, एक लाख अडतीस हजार किलोमीटर पळालेली. अंबाजोगाईत घर ते शाळा आणि महिन्यातून एखादी बीडची चक्कर, एवढंच तिला काम. डिसेंबरात सकाळी चालू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा. थंडीत येतोच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तोवर माझं चुकलंही नव्हतं. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभरच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. सायलेन्सर गार असला की ती वाफ दिसते, चार थेंब खाली टपकतात, आणि तापला की पाच-सात मिनिटांत सगळं गायब.

पण फेब्रुवारी संपत आला, दुपारी अंगाची लाही व्हायला लागली, तरी धूर तसाच. भर दोन वाजता शाळेच्या गेटातून निघालो, तर पोरं ओरडली, "पळा रे, डासाची फवारणी आली!"

पहिल्या गॅरेजवाल्यानं एकदाच रेस दिली आणि निकाल लावला. "रिंगा गेल्यात सर. इंजिन खोलावं लागंल, तीस-पस्तीस धरून चला." पिस्टनच्या रिंगा गेल्या की ऑइल जळतं आणि धूर निळसर येतो, एवढं मला माहीत होतं. माझं ऑइल तर डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीच्या, रेघेला धरून होतं. मी गाडी परत आणली.

मग स्वतःच तपास सुरू केला. इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरातलं द्रव, जळत असलं की धुराला गोडसर वास येतो, असं वाचलं होतं. सायलेन्सरमागं उकिडवा बसून वास घेत राहिलो. शेजारी बघत होते. गोड बिड काही नाही. पाणी ऑइलमध्ये मिसळलं तर डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा फेस येतो म्हणतात, तोही नाही. म्हटलं, सुटलो, पाण्याचा काही संबंध नाही. स्टाफरूममध्ये एकानं सल्ला दिला, रेडिएटरात मूठभर हळद टाका, गळती असली तर बसती. घरात वसमतची चांगली हळद होती. बायकोनं डब्याला हात लावू दिला नाही. बरं झालं.

एक काम मात्र मी नीट केलं. पेपरच्या गठ्ठ्यांवर लिहायचा मार्कर घेऊन कूलंटच्या बाटलीवर पातळीला रेघ मारली आणि रोज सकाळी, इंजिन गार असताना, बघत गेलो. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकायचो. नऊ दिवसांत लिटरभर पाणी कमी झालं. पुठ्ठा कोरडा.

दहाव्या दिवशी बीडहून येताना मांजरसुंब्याच्या घाटात टेम्परेचरचा काटा वर सरकला. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि हीटर फुल सोडला. मार्चातल्या उन्हात हीटर! पण त्यानं इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते. घाट चढून हॉटेलापाशी थांबलो, दोन चहा झाले, तास गेला. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळं शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की एकदम उसळतं आणि तोंड-हात भाजतात.

परळी रोडच्या गॅरेजवाल्या चाचांकडं गाडी रात्री लावून आलो. सकाळी गेलो, तर त्यांनी गाडी चालूच केली नाही. बॉनेट उघडून रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघितला.

"रातभर हुबी हाय ना? मग हा पाइप अजून टणक कसा?"

मला उत्तर सुचेना. मग त्यांनी झाकण काढलं, पाणी काठोकाठ भरलं आणि मला चावी मारायला सांगितली. पाण्यात बुडबुडे येऊ लागले. एकदा हवा निघून थांबतात तसे नव्हे. सोड्याच्या बाटलीसारखे येतच राहिले. सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत होता, म्हणूनच पाइप टणक. प्लग काढले. तीन तपकिरी, तिसऱ्या सिलिंडरचा मात्र नवा वाटावा इतका स्वच्छ.

"ह्यो वाफेनं धुतलाय," चाचा म्हणाले. गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं: 160, 165, 105, 160. तिसराच कमी.

"पण चाचा, गोड वास नव्हता."

"कूलंट कधी टाकलं होतं?"

मी गप्प. तीन वर्षं मी घरच्या बोअरचं पाणीच टाकत होतो. गोड वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. ते गाडीत नव्हतंच, तर वास कुठून येणार? आणि ऑइल स्वच्छ राहिलं, कारण गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील, फक्त पाण्याची वाट आणि सिलिंडर यांच्यामध्ये फाटलं होतं. ऑइलच्या वाटेला धक्का नव्हता.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं तेव्हा मी मुद्दाम शाळेतून रजा काढून गेलो. तिसऱ्या सिलिंडरच्या कडेला गॅस्केट करंगळीच्या नखाएवढं खाऊन गेलं होतं. पाण्याच्या भोकांत बोअरच्या क्षारांचा पांढरा कडक थर होता, आमच्या बंबाच्या आत बसतो तोच. चाचांनी पेचकसानं खरवडला, तर खपली निघाली. रेडिएटरच्या निम्म्या नळ्या त्यानंच बुजलेल्या. शिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारी पाण्याची झडप, गायब. "उन्हाळ्यात गाडी तापती" म्हणून आधीच्या कुणीतरी तो काढून फेकला होता. मला न विचारता, की विचारून, आता आठवत नाही.

हेड लातूरला लेथवर गेलं. सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातली, तर 0.12 मिलिमीटर वाक. बहुतेक इंजिनांत 0.05 च्या आसपास मर्यादा असते. तडा नव्हता, हे नशीब. घासून सपाट करून आणलं. नवं गॅस्केट, थर्मोस्टॅट, रेडिएटर खोलून साफ. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, आवळले. घाई करणाऱ्या पोराच्या हातावर चाचांनी एक चापट दिली. सगळं मिळून साडेनऊ हजार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी चालू केली आणि पांढरा धूर आला. पोटात गोळा. घड्याळ धरून उभा राहिलो. चार मिनिटांनी थांबला. बाटलीत आता हिरवं कूलंट आहे. मार्करची रेघ मी पुसलेली नाही. पाणी अजून तिला टेकून आहे.